उजळणीचे दिवस : चकलांब्यातील एका वेळापत्रकाचे वाचन

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, शकावल्या, सनदा, पत्रव्यवहार असे काहीतरी येते. वाङ्मयाचे विद्यार्थी त्यात फार तर रोजनिशी आणि आत्मचरित्र यांची भर घालतील. परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्याने स्वतःसाठी आखलेले वेळापत्रक मात्र कोणी जपून ठेवत नाही. परीक्षा संपली की ते रद्दीत जाते किंवा भिंतीला चुना लावताना खरवडून निघते. आणि तरीही, ज्या काळात एका दिवसाच्या तीन तासांवर माणसाचे पुढचे चाळीस वर्षांचे जगणे ठरते, त्या काळाचा याहून बोलका दस्तऐवज दुसरा कोणता असेल, हे आम्हांस सांगता येत नाही.

असे एक वेळापत्रक आम्ही पाहिले ते बीड जिल्ह्यातील चकलांबा येथे. गेवराई तालुक्यातले हे गाव. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. राक्षसभुवन याच तालुक्यात, जिथे १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. नदीपलीकडे, आजच्या जालना जिल्ह्यात, समर्थांचे जांब. आम्ही गेलो होतो ते वेगळ्याच कामासाठी, २०१७ च्या दिवाळीच्या सुमारास. दसरा उलटला होता आणि गाव निम्मे रिकामे झाले होते. बीड जिल्ह्यात हे दरवर्षीचेच. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडीकुंडी आणि धाकटी पोरे घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यांवर निघून जातात. नवरा-बायको मिळून हिशोबात ‘एक कोयता’ धरला जातो. शाळेतली मुले आजी-आजोबांकडे राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. ज्या घरी आम्ही पाणी प्यायला थांबलो तिथेही आजी आणि एक नातू एवढेच होते. भिंतीवर साखर कारखान्याच्या जुन्या दिनदर्शिकेची दोन पाने उलट्या बाजूने चिकटवलेली होती, आणि त्या कोऱ्या बाजूंवर निळ्या शाईने पट्टीने आखलेले रकाने होते.

वेळापत्रक थोरल्या नातीचे होते. २०१६ साली ती बारावीला होती आणि तिला दातांची डॉक्टर व्हायचे होते. आजी म्हणाल्या, “परीक्षा होऊन गेली तरी काढू देईना. म्हनली, ऱ्हाऊ दे भिंतीला. मंग राहिलं.”

प्रथम त्या काळाची चौकट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून त्या दोन पानांचा अर्थ लागत नाही.

आपल्याकडे दंतवैद्यकाच्या प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा नाही. अमेरिकेत ती आहे. तिच्यात आकृत्यांची घडण मनाने ओळखण्याचा एक वेगळा भाग असतो, आणि एके काळी उमेदवाराला खडूचा तुकडा कोरून दाखवावा लागे. कॅनडातील तशाच परीक्षेत साबणाची वडी कोरण्याची चाचणी अगदी अलीकडेपर्यंत होती. दंतवैद्याचा हात कसा आहे हे आधी पाहावे, असा त्यामागचा साधा विचार. आपल्या परीक्षेने उमेदवाराचा हात कधी पाहिलाच नाही. उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करण्यापुरताच त्याचा उपयोग. एमबीबीएस आणि बीडीएस यांची परीक्षा एकच, गुणवत्ता यादी एकच, आणि पसंतीक्रमाच्या अर्जात दंतवैद्यक बहुतेकांचे दुसऱ्या क्रमांकाला. त्यामुळे ‘मला दातांचीच डॉक्टर व्हायचे आहे’ असे म्हणणारी मुलगी अपवादात्मक. तिला हे का वाटले याचे उत्तर आजींनी स्वतःच्या गालावर हात ठेवून दिले. घरातल्या दाढदुखीला तंबाखूची मशेरी हाच बरीच वर्षे उपाय होता.

जागांची स्थितीही लक्षात घ्यावी. २०१६ साली राज्यात शासकीय दंत महाविद्यालये तीन होती : मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. चौथे नायर, ते मुंबई महापालिकेचे. अख्ख्या मराठवाड्याला शासकीय असे एकच. बाकी सारी खाजगी. ती उभी राहिली १९८३ नंतर राज्याने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले त्या धोरणातून. त्या काळी वैद्यकीय प्रवेशांत ७०:३० चे सूत्र होते. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के राज्यभरातून. ज्या विभागात महाविद्यालयेच थोडी, त्याच्या वाट्याला या सूत्राने थोड्याच जागा येत.

परीक्षेचा इतिहास तर आणखी गुंतागुंतीचा. जुन्या पिढीतले डॉक्टर बारावीच्या गुणांवर झाले. त्या पद्धतीतूनच ‘लातूर पॅटर्न’ जन्मला : पाठ्यपुस्तकाची ओळन् ओळ, रोजची चाचणी, तपासलेली उत्तरपत्रिका हातात, पुन्हा चाचणी. गेल्या शतकाच्या अखेरीस राज्याची सामाईक परीक्षा आली, तिला सगळे सीईटी म्हणू लागले. २०१३ साली देशभरासाठी एकच परीक्षा म्हणून नीट घेण्यात आली. त्याच वर्षीच्या १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. पुन्हा राज्याची परीक्षा. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने आपला २०१३ चा निकाल मागे घेतला. भिंतीवरचे पहिले पान सुरू होते ते याच्या थोडे आधी, मार्चच्या अखेरीस.

आता पानाकडे वळू.

पहिले पान ‘२८ मार्च ते ५ मे’ असे आहे. बोर्डाची परीक्षा संपलेली आणि सीईटी ५ मे रोजी. हाती सुमारे अडतीस दिवस. त्या वर्षीच्या सीईटीला अभ्यासक्रम फक्त बारावीचा होता, तोही राज्य मंडळाचा. जीवशास्त्राला १०० प्रश्न, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला एक गुण, चुकीला वजावट नाही. शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे चोपन्न सेकंद. हा ‘५४’ चा आकडा पानाच्या डाव्या कोपऱ्यात चौकटीत लिहिलेला आहे आणि त्याखाली दोन रेघा.

दोनशेपैकी शंभर गुण जीवशास्त्राचे असताना अर्धा वेळ त्याला द्यावा, हे गणित कोणीही सांगेल. मुलीने तसे केलेले नाही. तिच्या रकान्यांत सकाळचा सगळ्यात मोठा तुकडा भौतिकशास्त्राचा आहे. वीस प्रकरणे, प्रत्येकाला एक दिवस, आणि ‘वर्तुळाकार गती’ला दोन. जीवशास्त्र दुपारी आणि रात्री. पहिल्या नजरेला ही चूक वाटते. पण जीवशास्त्र तिचे बोर्डासाठीच पक्के झाले होते आणि भौतिकशास्त्राची भीती वाटत होती, हे ध्यानात घेतले की नियोजन किती विचारपूर्वक केले होते ते कळते. जिथे गुण जास्त तिथे वेळ जास्त, हे मार्गदर्शन करणाऱ्यांचे सूत्र. ज्याला शेवटच्या महिन्यात प्रत्यक्ष अभ्यास करायचा असतो तो जिथे गुण अजून *मिळवायचे* आहेत तिथे वेळ देतो. दोहोंत फरक आहे.

विज्ञानाची नावे सगळी इंग्रजी, पण देवनागरीत लिहिलेली : ‘रोटेशनल मोशन’, ‘सॉलिड स्टेट’, ‘रिव्हि.’ आणि त्यांच्या मध्ये मराठी क्रियापदे : ‘वाचून काढणे’, ‘पाठ’, ‘सोडवून बघणे’, ‘आजीला सांगणे’. हे शेवटचे आम्हांस आधी कळले नाही. नातवाने खुलासा केला : ताई पाठ झालेले आजीपुढे बोलून दाखवायची. आजीला त्यातले अक्षर कळत नसे, पण ताई अडखळली की कळे. या प्रदेशाच्या भाषिक इतिहासात या दृश्याला जागा द्यावी असे आम्हांस वाटते. हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले. वैद्यकाचे ग्रंथसुद्धा तिथल्या भाषांतर विभागाने उर्दूत आणले. मराठवाड्यातल्या मराठी मुलाला तेव्हा उर्दूतून शरीरशास्त्र शिकावे लागे. १९४८ नंतर उर्दू गेली, मराठी शाळेत आली, पण अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीच राहिले. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळू लागली. पुस्तक इंग्रजी असताना प्रश्न मराठीत घेण्याचा धोका किती जण पत्करतील, हे अध्यापकांना सांगायला नको. मुलगी इंग्रजीत वाचत होती, देवनागरीत आखत होती आणि अक्षर न येणाऱ्या बाईपुढे तोंडी परीक्षा देत होती.

‘उजळणी’ हा शब्द त्या पानावर कुठेही नाही, ‘रिव्हि.’ आहे. शब्द मात्र जुना आणि चांगला. आपल्या आजोबांच्या पिढीला उजळणी म्हणजे पाढ्यांचे पुस्तक. आणि चिंच लावून तांब्याची भांडी उजळतात तेही उजळणेच. भांडे नवे होत नाही, होते तेच पुन्हा दिसू लागते. शेवटच्या महिन्याच्या अभ्यासाचे याहून नेमके वर्णन ‘रिव्हिजन’मध्ये नाही. असो.

रोजच्या रकान्यात पहाटे पाच ते साडेसहा या जागी एकच शब्द अडतीस वेळा आलेला आहे : ‘पाणी’. २०१६ च्या त्या उन्हाळ्याची आठवण मराठवाड्यातल्या कोणालाही करून द्यावी लागणार नाही. लागोपाठचे अवर्षण, छावण्यांतली जनावरे, टँकरची वाट. ज्या लातुरात राज्यभरातून मुले वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी जात, तिथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी पोचली ती १२ एप्रिल २०१६ रोजी. पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून त्या शहरात जमावबंदी लावण्यात आली होती. म्हणजे ज्या आठवड्यात दिल्लीत परीक्षेचा कायदा बदलत होता, त्याच आठवड्यात परीक्षेची राजधानी म्हणवणारे शहर पाण्याच्या वाघिणीची वाट पाहत होते. चकलांब्याच्या पानावर यातले काही नाही. तिथे फक्त ‘पाणी’ आहे, आणि १९ एप्रिलच्या चौकटीत तो शब्द दोनदा आहे, सकाळी एकदा आणि दुपारी जीवशास्त्र खोडून.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत दर मार्च-एप्रिलला ‘शेवटच्या तीस दिवसांत काय कराल?’ अशा मथळ्याचे लेख येतात. तोही एक वाङ्मयप्रकारच आहे आणि त्याचे संकेत पक्के आहेत : पहाटे उठा, आठ तास झोपा, पन्नास मिनिटांनी दहा मिनिटे विश्रांती, नवे काही वाचू नका, सराव परीक्षा द्या, पालकांनी घरातले वातावरण शांत ठेवावे. सल्ला वाईट नाही. त्याची परंपराही जुनी. दासबोधाच्या अकराव्या दशकात समर्थांनी दिवसभराची शिकवण अशीच क्रमाने सांगितली आहे, आणि तीही गोदेच्याच काठच्या माणसाने. पण समर्थांच्या सांगण्यात प्रपंचाची कामे आत घेतलेली आहेत. पुरवणीतल्या लेखात मात्र एक खोली, एक टेबल आणि मुलीला कोणी हाक मारणार नाही अशी सायंकाळ गृहीत धरलेली असते. आम्ही ते लेख आणि हे पान एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. झोप, टप्पे, सराव, सारे तिने त्या लेखांतूनच घेतले होते हे उघड आहे. एक कात्रण तिथेच खिळ्याला अडकवलेले होते. फरक एवढाच की तिने पाणी, चूल आणि मार्चअखेर कारखान्यावरून परतलेल्या आईच्या पाठीला तेल लावणे यांनाही वेळ नेमून दिला. शिवाय दर रविवारी सायंकाळी एक रिकामा चौकोन ठेवला आणि त्यात लिहिले : ‘राखीव’. जे मागे पडेल ते तिथे. १९ एप्रिलचे जीवशास्त्र पुढच्या रविवारच्या राखीव चौकोनात बाणाने नेलेले दिसते. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर रचनेत अपघाताला आधीच जागा ठेवणे म्हणजे ‘राखीव’. आम्हा अध्यापकांच्या वार्षिक नियोजनात ही अक्कल क्वचित दिसते.

२८ एप्रिलच्या चौकटीत सगळ्या नोंदींवर बरोबरच्या खुणा आहेत. २९ च्या चौकटीत एकही नाही.

२८ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की याच वर्षी नीट घ्यायची, दोन टप्प्यांत. पहिला टप्पा १ मे रोजी, म्हणजे तीन दिवसांनी. अखिल भारतीय परीक्षेसाठी आधीच अर्ज केलेल्यांसाठी. दुसरा २४ जुलैला, उरलेल्यांसाठी. मग ५ मे च्या सीईटीचे काय? ती होणार होती, पण तिला किंमत उरेल की नाही हे कोणाला ठाऊक नव्हते. परीक्षेला सात दिवस उरले असताना राज्यातल्या काही लाख मुलांना ‘ही परीक्षा मोजली जाईल का’ हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न सोडवावा लागला. चकलांब्याच्या मुलीने तो कसा सोडवला ते ३० एप्रिलपासून दिसते : खुणा परत सुरू होतात, आणि ५ मे पर्यंत एकही चुकत नाही.

५ मे ला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन तिने परीक्षा दिली. ९ मे रोजी न्यायालयाने राज्यांची विनंती फेटाळली. प्रवेश नीटवरच होतील. चार दिवसांपूर्वी दिलेली परीक्षा कागदापुरती राहिली.

दुसरे पान १० मे रोजी सुरू होते.

हे पान पहिल्यापेक्षा घाईने आखलेले आहे. रेघा तिरप्या आहेत. ‘१० मे ते २४ जुलै’, खाली ‘७६ दिवस’. आणि पहिल्याच चौकटीत : ‘११ वीची पुस्तके आणणे’. या तीन शब्दांत महाराष्ट्रातल्या एका पिढीची कथा आहे. अकरावीला बोर्ड नसल्याने आणि सीईटी बारावीवर असल्याने अकरावी हे विसाव्याचे वर्ष मानले जाई. पुस्तके वर्ष संपताच पुढच्याला दिली जात. नीटला मात्र दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम होता, तोही राष्ट्रीय पातळीवरच्या पुस्तकांना धरून. तिची पुस्तके मामाच्या मुलीकडे गेली होती. ती परत मागून आणण्यात तीन दिवस गेलेले दिसतात.

नीटची रीतही निराळी. १८० प्रश्न, १८० मिनिटे, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. पानाच्या कोपऱ्यातला ‘५४’ जाऊन तिथे ‘६०’ आला आहे. सहा सेकंद वाढले म्हणून आनंद मानावा असे मात्र नव्हते. सीईटीत एकही गोल रिकामा ठेवायचा नाही हा नियम. आता कोणता प्रश्न *सोडायचा* हे शिकायचे. दोन वर्षे ज्या हाताला काहीतरी लिहूनच यायची सवय लावली, त्याला पंचाहत्तर दिवसांत न लिहिण्याची सवय लावायची. रात्रीच्या रकान्यात नवी नोंद आहे : ‘सोडण्याचा सराव’. चाचणीत अडलेल्या प्रश्नांवर ती फुली मारी आणि दुसऱ्या दिवशी त्यांतले किती खरोखरच येत नव्हते ते मोजी, असे भावाने सांगितले. परीक्षातज्ज्ञांनी यावर पुस्तके लिहिली असतील. या मुलीने ते कारखान्याच्या कॅलेंडरवर आपले आपण शोधून काढले.

दिल्लीत त्या पंधरवड्यात राज्यांचे मंत्री, खासदार, पालक यांची धावपळ चालू होती. अखेर २४ मे २०१६ रोजी राष्ट्रपतींनी वटहुकमावर सही केली : त्या वर्षापुरत्या राज्य शासनाच्या जागा राज्याच्या परीक्षेने भरता येतील. वर्तमानपत्रांनी लिहिले ते एमबीबीएसबद्दल. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ चा, वेगळा. म्हणून त्याच दिवशी त्यासाठी दुसरा स्वतंत्र वटहुकूम निघाला. त्याची बातमी बहुतेक ठिकाणी शेवटच्या परिच्छेदात होती. ज्यांना पहिल्यापासून दंतवैद्यकच हवे होते त्यांनी ती तिथपर्यंत वाचली असणार.

दुसऱ्या पानावरच्या खुणा २४ मे पर्यंत आहेत. पुढच्या एकसष्ट दिवसांचे रकाने आखलेले आहेत, प्रकरणांची नावे भरलेली आहेत, रविवारचे ‘राखीव’ चौकोन सोडलेले आहेत आणि त्यांवर काहीही नाही. ५ मे ला दिलेली, ९ मे ला मोडीत निघालेली परीक्षा पंधरा दिवसांनी पुन्हा जिवंत झाली होती, आणि तिला त्या वर्षी दंत महाविद्यालयात जागा मिळाली ती तिच्याच गुणांवर.

या पंधरा दिवसांचा न्याय कसा करावा? एकच देशव्यापी परीक्षा असावी यामागचे कारण खरे होते. खाजगी महाविद्यालयांच्या परीक्षांचा आणि देणग्यांचा बाजार मोडणे गरजेचे होते, आणि आमच्या मते न्यायालयाची दिशा चुकीची नव्हती. चूक होती ती दिवसांच्या हिशोबात. अठरा वर्षांच्या मुलीने आपल्या वेळापत्रकात ‘राखीव’ चौकोन ठेवला; ज्यांनी देशाचे वेळापत्रक आखले त्यांनी ठेवला नाही. सुधारणा योग्य असूनही तिची तारीख अन्यायकारक असू शकते. शिक्षणाच्या इतिहासात कायद्यांची कलमे नोंदली जातात, तारखांमधली अंतरे नोंदली जात नाहीत. आणि हे एकदाच झाले असेही नाही. २०२० साली नीट ३ मे वरून २६ जुलैला आणि तिथून १३ सप्टेंबरला ढकलली गेली. त्या वेळी कारण साथीचे होते आणि दोष कोणाला देता येत नव्हता. पण ७०:३० चे सूत्र रद्द करण्याचा, मराठवाड्याची जुनी मागणी पुरवणारा निर्णय झाला तोही त्याच सप्टेंबरात, परीक्षेला आठवडाही उरलेला नसताना.

निघताना आम्ही आजींना विचारले की दुसरे पान अर्धेच झाले होते, मग तेही का ठेवले. उत्तर नातवाने दिले. तो तेव्हा नववीत होता. ताईने सांगितले होते की हे पान तुला लागेल, पुढे हीच परीक्षा राहणार आहे. फक्त तारखा बदलून घे. त्याने २५ मे च्या चौकटीत पेन्सिलने एक बारीक खूण करून ठेवली होती, कुठून सुरू करायचे ते विसरू नये म्हणून.